संकासुराची चाल

१ फेब्रुवारी १९८८, सोमवार

रघू खोटं बोलतो आहे.

शिमग्याला अजून महिना आहे आणि माझा हा पुतण्या मुंबईहून आत्ताच हजर. विचारलं तर म्हणतो, "काका, कंपनीत काम कमी हाय, म्हून आलो." मी एस.टी.त कंट्रोलर. रत्नागिरी स्टँडवर बसून माणसं कुठे चढतात नि कुठे उतरतात हेच आजवर बघत आलो. मुंबईचा माणूस हातखंब्याला उतरला की तडक घरी आईकडे जातो. हा उतरला तो खांद्यावर खोका घेऊन थेट भागोजीकडे गेला. कंडक्टरनेच सांगितलं मला.

भागोजी आमच्या नमन मंडळाचा, म्हणजे शिमग्यात सोंगं घेऊन घरोघर नाचणाऱ्या खेळ्यांचा, प्रमुख. सध्या त्याचं घर म्हणजे थेटर झालंय. त्याचा मेव्हणा केरू मांडवीचा, बोटीवर खलाशी असतो. त्याने जपान-अमेरिकेहून कॅसेटी आणल्यात, टीव्ही नि व्हिडिओही इथेच ठेवलाय. संध्याकाळी मी भागोजीच्या पडवीत पाय ठेवला आणि आतले आवाज एकदम बंद. भागोजी, रघू आणि मंडळातले आणखी तिघं टीव्हीसमोर बसलेले. टीव्ही बंद!

बंद टीव्हीकडे पाच माणसं कशाला बघत बसतील?

३ फेब्रुवारी

आज भागोजीकडून रीतसर बोलावणं आलं. म्हणजे लपवायचं ते लपवून झालं असणार.

जपानी कॅसेट लावली. पाच तरुण. एक तांबडा, एक निळा, एक पिवळा, एक हिरवा आणि एक गुलाबी — ती बाई. डोक्याला मोटारसायकलवाल्यांसारखी टोपडी. लढाईआधी पाचहीजण ओळीत उभे राहतात, एकेकजण हात फिरवून आपलं नाव पुकारतो. समोरचा दैत्य तोवर गुमान थांबतो. हे मला पटलं. आपल्या नमनातही सोंग आलं की आधी स्वतःची ओळख देतं, मग पुढचं. मृदंग मात्र नाही त्यांच्याकडे.

घोटाळा दैत्याने केला. काळा झगा, उंच टोपी, पांढरी दाढी. ही — म्हणजे यमुना, माझी बायको — बायकांत बसली होती ती उठून उभीच राहिली आणि हात जोडले. "आगो बाय, ह्यो तर संकासुर!" तिच्या मागून बाकीच्या बायकाही उठल्या. पडद्यावर ते पाच रंगीत मिळून त्याला बडवायला लागले तेव्हा ही चिडली. "पाचजनांनी एकाला मारायचा? लाज नाय वाटत?"

केरू समजावून थकला की तिथे वाईट तो वाईटच असतो. आमच्या बायकांना कसं पटावं? आमचा संकासुर वेद पळवणारा दैत्यच, पण नमनात तो आला की पोरं टाळ्या पिटतात, म्हाताऱ्या त्याच्या पायावर डोकं ठेवतात, लेकीसुनांचे नवस त्याच्याकडे. हातातल्या दोराचा फटका बसावा म्हणून माणसं पाठ पुढे करतात.

तो मी. म्हणजे असं म्हणायचं नसतं. सोंग चढलं की आतल्या माणसाचं नाव घ्यायचं नाही, आणि उतरलं की त्या माणसापाशी सोंगाचा विषय काढायचा नाही, अशी आमच्याकडची रीत. सगळ्या गावाला ठाऊक आणि कुणाच्या तोंडी नाही. वहीत लिहिलं तर चालत असावं.

४ फेब्रुवारी

गुडघा ठणकतो. उजवा.

७ फेब्रुवारी, रविवार

आज अमेरिकन, हलत्या चित्रांची कॅसेट. हीही टोळीच. पण यांची तऱ्हा वेगळी. प्रत्येकाची शक्ती निराळी नि प्रत्येकाचा तोरा निराळा. एकाला उडता येतं म्हणून तो चालणाऱ्याशी धड बोलत नाही. निम्मा वेळ आपसात भांडण. एकजण रुसून टोळी सोडतो, शेवटी दैत्य गळ्याशी आला की परत येतो आणि सगळं श्रेय घेऊन जातो. आमच्या डेपोत असे तीन ड्रायव्हर आहेत. आणि मुखवट्याआड कोण आहे हे शोधायला अख्खं शहर धडपडतं! पेपरवाले, पोलीस, शेजारी. त्या बिचाऱ्याच्या बायकोलाही ठाऊक नसतं म्हणे. यावर ही फस्सकन हसली.

"हसायला काय झालं?"

"काय नाय."

मग टीव्हीवर आपली मुलांची मालिका लागली. आपलेही चार वीर. पण लढायला निघण्याआधी आई ओवाळते, गुरुजी उपदेश करतात, गाणं होतं. वडीलधाऱ्यांनी मान डोलावल्याशिवाय एकाचाही पाय उचलत नाही. शेवटी दैत्य रडून माफी मागतो, त्यालाही गुरुजी उपदेश करतात. रघू म्हणाला, "आपल्याकडं टोळीपेक्षा म्हातारे जास्ती." सगळे हसले. माझ्याकडे बघून हसले असं मला वाटलं.

घरी आल्यावर निलगिरीचं तेल चोळलं. हिला सांगितलंय डासांसाठी लावतो. गेल्या पावसात विहिरीकाठी शेवाळावर पाय गेला, तेव्हापासून हे चालू आहे. कुणाला सांगितलेलं नाही, सांगणारही नाही. लंगडा कंट्रोलर चालतो, लंगडा संकासुर कोण उभा करील? मी हल्ली सावकाश, साहेबासारखा चालतो. कुणाच्या लक्षात येत नाही.

१० फेब्रुवारी

रघू आज रत्नागिरीत होता. बाजारातून कापड घेऊन स्टँडवर आला, मला बघितलं आणि गठ्ठा पाठीमागे धरला. मी खिडकीतून सगळं बघितलं. गाडीच्या टपावर चढवताना कागद फाटला.

रंगीत असतं तर म्हटलं असतं, पोरांना जपानी वेड लागलंय. काळं होतं. चांगलं गठ्ठाभर काळं कापड.

गावात काळा झगा एकच आहे. तो माझ्या घरी, देव्हाऱ्याजवळच्या खुंटीवर मुखवट्याखाली टांगलेला असतो.

११ फेब्रुवारी

म्हणजे नवा संकासुर शिवला जातोय.

१४ फेब्रुवारी, रविवार

पेनाची निब मोडली. रागाने.

भागोजीकडे दूध आणायला मागच्या पाणंदीने गेलो. गोठ्यामागून हसण्याचा आवाज. दगडी गडग्याआडून डोकावलो. रघू लंगडत होता. उजवा पाय घासत, खांदा एका बाजूला टाकून, मग गिरकी. त्याच्या मागोमाग बाकीचे. भागोजीसुद्धा! माझ्याहून दोन वर्षांनी मोठा माणूस, शेणातून लंगडत चालला होता. रघू सांगतोय, "आसा नाय, पाय आदी घासायचा, मंग उचलायचा."

माझी नक्कल. म्हणजे कळलंय त्यांना. आणि कळल्यावर हे! समोर कधी शब्द नाही, गोठ्यामागे तमाशा. ज्यांच्यासोबत वीस शिमगे नाचलो ती ही माणसं. दूध न घेताच परत फिरलो. हिने विचारलं, दूध? म्हटलं, फाटलं.

त्या अमेरिकन टोळीला मी उगाच नावं ठेवली. ते निदान तोंडावर भांडतात.

१५ फेब्रुवारी

भागोजीला गाठलं. पण विचारणार कसं? संकासुर या शब्दालाच बंदी. दोघेही आजूबाजूनेच फिरत राहिलो.

मी म्हटलं, "यंदा मंडळात बरीच तयारी दिसते."

"व्हय. वाट लांबची हाय यंदा. वरच्या वाडीनं बी बोलावलाय. घाटी चढायची तर दम पायजे."

"ज्याला दम नाही त्याने काय करायचं?"

भागोजीने सुपारी कातरून तोंडात टाकली. मग म्हणाला, "दाजी, वाईच ताक घ्या."

ताक! मी घेतलं नाही.

१८ फेब्रुवारी

पुन्हा बोलावणं. जाणार नव्हतो, पण न जावं तर त्यांना रान मोकळं.

जपानीच कॅसेट, पुढचा भाग. तांबडा जबर जखमी होतो, पाय मोडतो. अमेरिकनांत असं झालं असतं तर त्याने एकट्याने दात ओठ खात उठून शेवटचा ठोसा मारला असता. आपल्यात आईने देवापाशी दिवा लावला असता. या पाचांनी काय करावं? तांबड्याला गुहेत निजवलं आणि निळ्याने तांबड्याचे कपडे चढवले. लढाईत शत्रूला कळतच नाही. पुढच्या वेळी हिरवा तांबडा होतो. तांबडा आपला कायम उभाच.

रघूने कॅसेट थांबवली. सगळे माझ्याकडे बघतात, न बघितल्यासारखं करून. "काका, तुमाला काय वाटतं? बरोबर केला त्येनी?"

मला उघड दिसलं. कॅसेट दाखवून माझ्याकडून होकार काढायचा होता! मी म्हटलं, "मी असतो तर जीव गेला तरी तांबडा कुणाला दिला नसता. आज पाय मोडला म्हणून घेतात, उद्या बरा झाल्यावर परत देतात कशावरून?"

रघूचं तोंड उतरलं. बरं वाटलं मला. मग घरी येईपर्यंत वाईट वाटत राहिलं.

२० फेब्रुवारी

मुखवटा पिशवीत घातला आणि ड्युटीवर घेऊन गेलो. मुखवटाच नसेल तर नुसत्या काळ्या कापडाचं काय करतील? केबिनमध्ये कपाटावर ठेवला, वर पेपर. वाऱ्याने पेपर उडाला. देवरूखच्या गाडीची वाट बघणारी एक म्हातारी खिडकीशी आली, आत बघितलं आणि चपला काढून नमस्कार करून गेली. मग दुसरी आली. साहेब येऊन विचारतात, ही गर्दी कसली? संध्याकाळी परत घरी आणला.

खुंटी दिवसभर रिकामी होती. मुखवटा पुन्हा टांगला तेव्हा हिने तो फक्त पुसून घेतला पदराने.

हिलाही ठाऊक आहे का? ही कुणाच्या बाजूने आहे?

२७ फेब्रुवारी

शिमगा जवळ आला. सराव झाला. मी नाचलो. गुडघ्याने साथ दिली, म्हणजे दिली असं मला वाटलं. कुणी हसलं नाही. न हसणारी माणसं मला जास्त खुपतात.

४ मार्च

होम झाला, धुळवड झाली. उद्यापासून खेळे घरोघर. संकासुर मीच. कुणी तोंडातून ब्र काढलेला नाही. तरी आज रघूच्या घरावरून आलो तर माळ्यावर घुंगरं वाजली.

५ मार्च, शनिवार

खालच्या वाडीत नाचलो. छान नाचलो! पोरांनी पाठीला टॉवेल बांधले होते, जपानी तांबडे-निळे झालेले, पण संकासुर आला म्हटल्यावर टॉवेल टाकून पळत आली. दोराचे फटके मागून घेतले. आठ-दहा घरं झाली. मग वरच्या वाडीची घाटी लागली.

अर्ध्या घाटीत गुडघा गेला. दुखला वगैरे नाही, गेलाच. माझ्या पायात तो आहे असं कळेना. मंडळी मृदंग वाजवत पुढे निघून गेली होती. मी काजूच्या झाडाला धरून मागे उभा, मुखवट्यात घाम डोळ्यांत उतरतोय. वाटलं, इथंच बसलो तर लोक काय बघतील? संकासुर वाटेत बसलाय. असं कधी झालेलं नाही.

गडग्याआडून रघू बाहेर आला. अंगात काळा झगा. नवा. म्हणजे तिथे दबा धरूनच बसला होता! त्याने दोन्ही हात पुढे केले, आरतीचं ताट घेताना करतात तसे.

द्यायचा नव्हता. खूप वेळ दिला नाही. वरून मृदंग हाका मारत होता, वाडीतली माणसं वाट बघत होती. मग मुखवटा काढला आणि त्याच्या हातावर ठेवला. कमरेची घुंगरं सोडून दिली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते त्याने बघितलं. त्याने आधी मुखवटा कपाळाला लावला, मग चढवला आणि घाटीने वर गेला. मी त्याची पाठ बघितली नाही. आडवाटेने घरी आलो आणि हिला म्हटलं, ऊन लागलं.

अखेर घेतलाच त्यांनी. उद्या आमच्या वाडीची पाळी. पडवीत बसून बघतो, कसा नाचतो माझा पुतण्या.

६ मार्च, रविवार

संकासुर आमच्या पडवीपुढच्या खळ्यात आला. लंगडत. उजवा पाय घासत, खांदा एका बाजूला टाकून, मग गिरकी. शेजारच्या घरचा मुंबईचा पोरगा ओरडला, "हा लंगडा आहे!" तर वाडीतल्या पोरी त्याच्यावर तुटून पडल्या. "गप रं. संकासुर आसाच चालतो." पुढच्या घराला मुखवट्यात दुसराच होता, उंचीवरून कळलं. तोही तसाच. त्याच्या पुढच्या घराला बहुतेक भागोजी. तोही.

पण त्याआधी आमच्या खळ्यात हिने पदर खांद्यावरून घेतला, नारळ ठेवला, पायाशी वाकली आणि सगळ्यांदेखत मोठ्याने गाऱ्हाणं घातलं, "बा संकासुरा, म्हाराजा! आमच्या घरच्या मानसाचा उजवा गुडघा पावसापासनं दुखतोय. तो कुनाला सांगत नाय. त्येला बरा कर आनि पुढच्या शिमग्याला नाचव, म्हाराजा!"

मृदंग थांबला. अख्खं मंडळ, अख्खी वाडी, मुखवट्याच्या आतला रघूसुद्धा, एका आवाजात म्हणाले, "व्हय म्हाराजा!"

मग सगळे थांबले. माझ्यासाठी थांबलेत हे कळायला मला वेळ लागला. मी पडवीतून म्हटलं, "व्हय म्हाराजा."