आजीची रुपयांची माळ

४ जानेवारी २००४, रविवार
मार्केट यार्ड. दुकानादुकानांत इलेक्ट्रॉनिक काटे आले, जुने तराजू भंगारात. एका पारड्याखाली पासंग म्हणून बांधलेली शिवराई! भंगारवाला नाणं सोडून देईना, अख्खा तराजू घ्यावा लागला. आई म्हणाली, "एका पारड्यात तू बस, दुसऱ्यात तुझी नाणी ठेव. कळू दे आम्हाला काय जड आहे ते."

१० जाने., शनिवार
नवी युक्ती. बोहारणी झाल्या, भंगारवाले झाले, आता गलाईवाला. रविवार पेठेत मानेकाका, मूळचे विट्याकडचे, सराफांची मोडीची चांदी वितळवतात. बोलणं झालं: मोडीत जुने रुपये आले की भट्टीत टाकायच्या आधी मला फोन. चांदीच्या भावाने मी घेणार. "शाळेत शिकल्याली माणसं असलं गोळा करत्यात व्हय?" म्हणाले. हो म्हटलं.

२२ जाने., गुरुवार
ऑफिसात काकांचा फोन. "ताई, अख्खी माळ हाय रुपयांची. या बिगीनं." टेस्टिंग अर्धवट टाकून पळाले.
चांदीच्या भावाने घेतली, समोर ठेवून लिहितेय.
राणीछाप आणि राजाछाप रुपये, प्रत्येकाला कडी. मधला रुपया उलटा, राणीचं डोकं खाली. आमच्या भिंतीवरच्या फोटोत आजीच्या गळ्यात हीच माळ. हाच उलटा रुपया. लहानपणी मी मान वाकडी करून बघायचे.
आजी गेली तेव्हा माळ सापडली नव्हती. पुण्यानुमोदनाच्या दिवशी बाबांनी सगळ्या पाहुण्यांसमोर शांताआत्याची पिशवी जमिनीवर उलटी केली. स्वतःच्या सख्ख्या बहिणीची. माळ निघाली नाही, तरी चोर तीच ठरली. तेव्हापासून ती वाघोलीला, आम्ही बिबवेवाडीत. जाणं नाही, येणं नाही.
म्हणजे आत्याने आता मोडली? मनात पहिलं हेच आलं. लाज वाटते लिहायला, पण आलं.
काकांना विचारलं, कोणती बाई आली होती?
"बाई न्हाई. म्हातारं गृहस्थ. माझ्यासमोर आटवा म्हणाले. भट्टी थंड हुती, तर पैसं घिऊन गेले. डाव्या हाताची दोन बोटं अर्धीच हुती बघा."
बाबांची बोटं. प्रेस मशीनमध्ये गेलेली.
दुकानाच्या पायरीवर बसले. काकांनी पाणी दिलं.

२३ जाने., शुक्रवार
ऑफिसला गेले नाही. ताप आहे असं सांगितलं. बाबा डोक्यावर हात ठेवून गेले, "काढा घे." तोच हात.

२४ जाने., शनिवार
जेवताना माळ बाबांच्या ताटाशेजारी ठेवली.
आई किंचाळलीच. "शांताने परत दिली?"
बाबा घास हातात धरून बसले. मग म्हणाले, "आईच्या गोधडीत होती. दिवाळीआधी उसवली तेव्हा निघाली. आईनेच शिवून ठेवली असेल."
"मग मोडलीत कशाला?" मी विचारलं.
"घरात ठेवता येईना."
आई उठली, गोधडी घेऊन गॅलरीत गेली. गोधडी तिनेच पुन्हा शिवली होती. तिलासुद्धा सांगितलं नव्हतं.
मी म्हटलं, आत्याला काय सांगायचं? बाबा: "आता काय उपयोग?" आवाज अगदी बारीक. या माणसाला मी कधीकाळी घाबरायचे, खरं वाटेना.

२६ जाने., सोमवार
सुट्टी. एकटीच वाघोलीला. आत्या केवढी आजीसारखी दिसते! मला ओळखलंच नाही. नाव सांगितल्यावर आत घेतलं, चहा टाकला. माळ पुढे ठेवली, सगळं सांगितलं. वाटलं होतं रडेल, निदान शिव्या देईल.
माळेला बोटसुद्धा लावलं नाही.
"तू का आणलीस? पिशवी तू उलटी केली होतीस?"
मी माळ उचलून घेतली.
"त्याला आणू दे. तेव्हा माणसं होती, आताही असतील. आमच्या गल्लीत बायका दुपारी बाहेरच बसतात."
निघताना मात्र माझ्या हातावर गूळ-शेंगदाणे ठेवले. बसमध्ये मुठीतच राहिले.

२७ जाने., मंगळ.
बाबांना निरोप जसाच्या तसा सांगितला. माळ टीव्हीवर ठेवली आहे. कोणी टीव्ही लावत नाही.

३१ जाने., शनि.
नाण्यांचा डबा उघडलाच नाही. भोकाचा पैसा घेऊन बोहारीण आली होती, आईनेच परत पाठवली.

१ फेब्रु., रविवार
उठले तर बाबा घरात नाहीत. माळही नाही. मानेकाकांना फोन केला. "न्हाई ताई, हिकडं न्हाई आले. आज भट्टी बंद." दुसरा गलाईवाला गाठला असेल तर? आई म्हणते, पांढरा शर्ट घालून गेले, इस्त्रीचा.
दुपारी फोन वाजला. आत्या. मागे बायकांचा गलका.
"तुझा बाप दारात उभा आहे. माळ गळ्यात घालून आलाय स्वतःच्या, वेड्यासारखा. सगळी गल्ली बघतेय. आत ये म्हटलं तर येत नाही, बोलत नाही, नुसता उभा."
म्हटलं, आत्या, ऊन आहे, त्यांना पाणी तरी...
"ते कळतं मला," म्हणाली.
रिसीव्हर खाली ठेवल्याचा आवाज आला, पण फोन कट झाला नाही. टेबलावर ठेवला असावा. मग तांब्या-भांडं वाजलं आणि तिच्या चपला, दाराच्या दिशेने.
आई आणि मी एकाच रिसीव्हरला कान लावून उभ्या आहोत. डाव्या हाताने धरलाय, उजव्याने हे लिहितेय. अजून कोणीच बोललेलं नाही.