दोन्ही हातांनी चहा

भोर, मार्गशीर्षातला सोमवार, १९४६

“वहिनी, तिथलं मला काही विचारू नका.” मलायातल्या जपानी कैदेतून सुटून आले त्या दिवशी भावजी एवढंच म्हणाले होते. वर्षभर विचारलं नाही. मग एकदा तिथल्या पहाऱ्यावरच्या कोरियन पोराची भाषा विचारली, आणि ते बोलायला लागले. हाना, तूल, सेत. एक, दोन, तीन. भेटल्यावर तेही आपल्यासारखंच ‘जेवलात का’ विचारतात म्हणे.

आज शिकवलं, वडीलधाऱ्यांना काही द्यायचं तर दोन्ही हातांनी. मी सासूबाईंना तसाच चहा दिला.

“डावा हात कशापायी लावलास गं?”

“आये, तिकडची रीत हाय,” भावजी हसून म्हणाले. किती दिवसांनी हसले!

“तुला मारणाऱ्यांची रीत माझ्या घरात न्हाई चालायची. आजपास्नं ही शिकवणी बंद!”

जेवताना भावजी एक शब्द बोलले नाहीत. डावा हात लावायची घाई मी का केली? माझी भाषा राहिली तर राहू दे. पण ते पुन्हा गप्प झाले तर?

सासूबाई नाहीच म्हणतील. तरी उद्या म्हणणार आहे, “शिकवणी बंद करू नका. तुम्हीही शेजारी बसा, लेकाचा आवाज तरी ऐका.”