डावीकडची जागा

झरी,
२३ जुलै २०१७

ती. दादास,
लतिकाचा शि. सा. न. वि. वि.

तू फोन उचलत नाहीस. पत्र मात्र न वाचता टाकून देणं तुला जमत नाही, हे मला लहानपणापासून ठाऊक आहे. म्हणून पत्र. शिवाय फोनवर मैदान काढून दाखवता येत नाही.

भाताची आवणी संपवून पोरी शाळेत परतल्या. तू शाळा सोडून गेल्यावर मुलींचा फुटबॉल माझ्याकडे आला, हे आईने तुला सांगितलं असेलच. गणिताच्या बाईंच्या गळ्यात शिट्टी बघून त्या आठ दिवस हसत होत्या. संगिता म्हणाली, बाई, ती फुंकायची असते, चघळायची नसते.

आता हसत नाहीत. परवा बोर्डीच्या एका शाळेशी सरावाचा सामना झाला. चार शून्य हरलो. समोरच्या पोरी मागे थांबल्या होत्या तोवर आपण चांगले खेळलो. सात-आठ पास सहज होत होते. मग त्यांच्या सरांनी ओरडून तिघींना पुढे पाठवलं. त्या अंगावर आल्या आणि आपलं सगळं थांबलं. मधल्या रांगेतून पुढे एक चेंडू गेला नाही. श्रुतिका त्यांच्या गोलसमोर हाताची घडी घालून उभी होती, एसटीची वाट बघत असल्यासारखी. आपल्या गोल करणाऱ्या पोरी वाईट नाहीत, दादा. त्यांच्यापर्यंत चेंडूच पोचत नाही. का?

सप्टेंबरअखेर डहाणूला जिल्ह्याचे सामने आहेत. मुख्याध्यापक म्हणाले, पहिल्याच सामन्यात हरलात तर चेंडू कपाटात आणि पोरी खो-खोला. माझं खो-खोशी वैर नाही. पण सप्टेंबरात तुझ्या संघातल्या बारकीला जाऊन वर्ष होईल. तिच्यानंतर या पोरींनी धरून ठेवलेली ही एकच गोष्ट आहे.

तू त्यांना चार वर्षं शिकवलंस. येऊ नकोस हवं तर. पण उत्तर लिही. माझ्यावरचा लोभ आटला नसेल असं धरून चालते.

तुझी,
लतिका


कोसबाड,
१ ऑगस्ट २०१७

चि. लतिका हिस,
अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. इथे रोपवाटिकेत खिरणीच्या खुंटांवर चिकूची कलमं बांधायचं काम चालू आहे. हात गुंतलेले राहतात. इथे कुणी मला सर म्हणत नाही. आईची तब्येत बरी आहे. तुझ्या लग्नाचा विषय ती माझ्याकडे काढते, मी तो कलमांकडे वळवतो.

दडपणाखाली वेळ कमी मिळतो असं म्हणतात. वेळ तेवढाच असतो. जागा दिसेनाशी होते. अंगावर कुणी धावून आलं की खेळाडू चेंडूकडे बघतो, मान खाली जाते, आणि मैदान त्याच्या पायांएवढं होतं. म्हणून चेंडू येण्याआधी दोन्ही खांद्यांवरून बघून घ्यायचं. चेंडू अंग वळवून घ्यायचा, म्हणजे अर्धं मैदान समोर राहतं. आणि जवळच्या दोघींनी पळून न जाता दोन्ही बाजूंना उभं राहायचं. मदत दूर गेली की आक्रमण तिथेच संपतं.

दहा पावलांचा चौकोन आख. चौघी आत, दोघी अंगावर. रोज पंधरा मिनिटं.

याहून जास्त मला सांगता येणार नाही. पुढे विचारू नकोस.

तुझं भलं चिंतणारा,
दादा


झरी,
२० ऑगस्ट २०१७

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तू विचारू नकोस म्हणालास म्हणून विचारते आहे.

चौकोन आखला. दोन आठवडे झाले. चौकोनात पोरी उत्तम खेळतात. मान वर असते, अंग वळतं, बाजूला दोघी असतात. काल पुन्हा बोर्डीला सामना खेळलो आणि पुन्हा तेच झालं.

या वेळी मी गणिताच्या बाईचं काम केलं. कागदावर मैदान काढलं आणि आपण चेंडू घालवला की तिथे टिंब दिलं. कागद सोबत जोडला आहे. एकतीस टिंबं आहेत. त्यातली तेवीस एकाच ठिकाणी पडली आहेत, मधल्या रेषेच्या थोडं अलीकडे, डाव्या कडेला. बाटलीचं झाकण मावेल एवढ्या जागेत. त्या जागी आपली एकही मुलगी नसते. चेंडू तिथे जातो, कडेची रेषा ओलांडतो आणि थांबतो.

डाव्या बाजूला कविता खेळते. तिला मी तिथे उभं राहायला सांगितलं. ती हो म्हणाली आणि पुढे निघून गेली. पुन्हा सांगितलं. पुन्हा हो. शेवटी म्हणाली, बाई, मला गोलमध्ये उभं करा, पण तिथे नको.

संगिताला विचारलं, रिकाम्या जागेत चेंडू का देतेस? ती म्हणाली, मी देत नाही बाई, पाय देतात. मग बराच वेळ बुटाची नाडी बांधत बसली. उठताना म्हणाली, अंगावर कुणी आलं की तिथून ‘हां’ ऐकू येतं. बारकी तसंच म्हणायची. मी तिला रागावले. मग बाकीच्या पोरींकडे बघितलं. एकही हसली नव्हती.

दादा, तो कागद बघ आणि मला सांग.

तुझी वाट बघणारी,
लतिका


कोसबाड,
२७ ऑगस्ट २०१७

चि. लतिका हिस,
आशीर्वाद.

कागद बघितला. टिंबं बरोबर जागी आहेत. तू काढलेलं मैदान थोडं वाकडं आहे, पण ती जागा बरोबर आहे.

ते मी शिकवलं आहे. दोन वर्षांपूर्वी आमची हीच अडचण होती. अंगावर कुणी आलं की पोरी गोंधळायच्या. बारकीला मात्र कळायचं. कुणावर दडपण आलं की ती पुढचं सोडून मागे यायची आणि कडेला मोकळी उभी राहायची. दरवेळी त्याच जागी. मी म्हटलं, मग प्रश्न सुटला. मी पोरींच्या डोळ्यांवर त्यांच्याच ओढण्या बांधल्या आणि त्यांना पाठीमागून हलका धक्का द्यायचो. धक्का बसला की न बघता चेंडू डावीकडे मागे. बारकी ‘हां’ म्हणायची आणि चेंडू तिच्या पायात असायचा. सहा महिने रोज हेच केलं. मला त्याचा अभिमान होता. दुसऱ्या शाळांचे सर बघायला यायचे.

पायांना शिकवलेलं डोक्याला सांगून जात नाही. मीच बघ. रोपांच्या ओळीतून चालताना मागून कुणाची चाहूल लागली की मी उजवीकडे सरकतो आणि डावीकडे एका माणसाची वाट ठेवतो. इथले माळी मला सभ्य समजतात.

कविताला पुढेच राहू दे. डाव्या बाजूने खेळूच नका. उजवीकडून खेळा.

दादा


झरी,
१० सप्टेंबर २०१७

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

उजवीकडून खेळून बघितलं. उजवीकडून चार पास होतात. पाचवा डावीकडे जातो.

एक गोष्ट मी आधी लिहिली नव्हती. बारकीची आई, जानीबाय, हल्ली बोर्डीला एका वाडीत चिकू निवडायच्या कामावर असते. बोर्डीला आपला सामना असला की ती येते. डाव्या कडेला, रेषेच्या बाहेर, त्याच जागेसमोर बसते. चेंडू तिच्यापाशी जातो. ती तो पायाने अडवते आणि दोन्ही हातांनी परत टाकते. हाफटाइमनंतर बाजू बदलतात, आपली डावी बाजू पलीकडे जाते. तेव्हा ती उठते, गोलच्या मागून सबंध वळसा घालून पलीकडे जाते आणि पुन्हा आपल्या डावीकडे बसते. हे तिला कुणी सांगितलं असेल?

मी पोरींना समोर बसवून विचारलं. श्रुतिका म्हणाली, जानीबाय तिथे बसते, तिच्याकडे चेंडू गेला नाही तर तिला काय वाटेल? कविता म्हणाली, आईच्या डोळ्यांसमोर तिच्या पोरीच्या जागेवर कसं उभं राहू? संगिताने तर मलाच विचारलं, बाई, तुम्ही राहाल का?

जानीबायला येऊ नकोस असं सांगायला मी एकदा निघाले होते. तिने मला ओळखून हात केला आणि मी तशीच परतले.

सामन्यांना पंधरा-वीस दिवस उरले आहेत. ही गाठ तुझी आहे. पोरींना तूच सांगू शकतोस, आणि जानीबायलाही. गेल्या वर्षी सामन्याच्या दिवशी डहाणूला नेमकं काय झालं, हे तू कधी कुणाला सांगितलं नाहीस. आईलाही नाही. तिसऱ्या दिवशी बारकी गेली, आठव्या दिवशी तू राजीनामा दिलास. मी विचारलं नाही, ती माझी चूक. आता विचारते.

लोभ असू दे म्हणत नाही या वेळी. उत्तर असू दे.

लतिका


कोसबाड,
१५ सप्टेंबर २०१७

चि. लतिका हिस,
आशीर्वाद.

डहाणूला जाताना बसमध्ये बारकी माझ्याजवळ आली आणि म्हणाली, सर, अंग तापलंय. मी तिच्या मानेला हात लावला. तापलं होतं. मला कळण्याइतपत तापलं होतं. मी पेटीतली गोळी दिली आणि विचारलं, खेळशील? पंधरा वर्षांची पोर सरांना काय सांगणार? हो म्हणाली.

राखीव म्हणून कविता बाकावर बसली होती. ती चांगली खेळायची. पण दडपण आल्यावर त्या जागेवर यायला मी तिला कधी शिकवलंच नव्हतं. कुणालाच शिकवलं नव्हतं. बारकी नसती तर त्या दिवशी आमचा चेंडू मधल्या रेषेपुढे गेला नसता. बसमध्ये उभ्या उभ्या मला हे दिसलं, आणि मी तिला खेळवलं. ती पूर्ण वेळ खेळली. आम्ही जिंकलो.

डॉक्टर नंतर म्हणाले, ताप आधीच डोक्यात गेला होता, खेळली नसती तरी फरक पडला नसता. हे वाक्य मी वर्षभर जवळ ठेवलं. त्याचा उपयोग झाला नाही.

तू जुलैत विचारलं होतंस, दडपण आलं की आक्रमण का अडतं? चौकोन, मान, खांदे, ते सगळं खरं आहे. पण तुला दिलेलं ते उत्तर अर्धं होतं. मी अकरा जणींचा संघ उभा केला नव्हता. मी एक वाट केली होती आणि दहा जणींना तिच्यावर आंधळेपणाने चालायला लावलं होतं. एकच वाट असली की ती बंद होते तेव्हा सगळंच बंद होतं. जिंकत होतो तोवर हे कुणाला दिसलं नाही.

रविवारी बोर्डीला जाऊन जानीबायला हे सांगणार आहे. तिने काही केलं तरी चालेल.

तुझा,
दादा


कोसबाड,
१७ सप्टेंबर २०१७

चि. लतिका हिस,
आशीर्वाद.

दुपारी बोर्डीला जाऊन आलो. जानीबाय वाडीतल्या शेडमध्ये चिकू निवडत बसली होती. बरोबर आणखी दोघी होत्या. मला बघून तिने त्यांना पाणी आणायला पाठवलं. मला बसा म्हणाली नाही. मी उभ्यानेच सगळं सांगितलं. ताप, गोळी, कविता, सगळं. ती हातातले चिकू खाली न ठेवता ऐकत होती. लहान एकीकडे, मोठे एकीकडे.

मग म्हणाली, ठाऊक आहे. गोळीचं बारकीने दवाखान्यात सांगितलं होतं. त्याआधी, सामन्याच्या सकाळी, भाकरी द्यायला जानीबाय शाळेच्या फाटकापाशी आली होती, तेव्हा तिनेही अंग चाचपलं होतं. जाऊ नको म्हणाली होती. तर पोर हसली, म्हणाली, मी नसले तर त्या चेंडू कुणाला देतील? मास्तरांनी दुसरं कुणी ठेवलंच नाही.

जानीबाय म्हणाली, तुमच्यावर माझा राग आहे. आहे तो आहे. मी काढणार नाही, तुम्ही काढायला येऊ नका.

मी निघणार होतो. पण तुझ्या पोरींसाठी एक विचारायचं राहिलं होतं. म्हटलं, तू सामन्याला नेमकी तिथेच का बसतेस? तिने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी खुळा आहे. म्हणाली, चेंडू तिथेच बाहेर जातो. तुमच्या पोरी धावून धावून दमलेल्या असतात. कुणी आणून द्यायला नको? त्या चेंडू तुझ्यासाठी तिकडे टाकतात, असं मी सांगितलं. तिचे हात पहिल्यांदा थांबले. तिला हे माहीत नव्हतं. पोरी तिच्यासाठी जागा मोकळी ठेवत होत्या आणि ती पोरींसाठी तिथे बसत होती, अख्खा हंगाम.

मग तिने पुन्हा चिकू घेतले आणि विचारलं, वर्ष झालं मास्तर, अजून दुसरं कुणी ठेवलं नाहीत?

तिने दुसऱ्यांदा विचारलं नाही. दोघी पाणी घेऊन आल्या, मला कुणी दिलं नाही, मी निघालो.

मी गुरुवारी सकाळी येतो. आठ दिवस राहीन. आल्यावर सगळ्या पोरींना प्रत्येक जागेवर उभं करायचं आहे, गोलकीपरलासुद्धा. ओढण्या बांधायच्या नाहीत. आठ दिवसांत काय होईल सांगता येत नाही. बहुतेक हरू. मुख्याध्यापकांशी मी बोलतो, तू मध्ये पडू नकोस, तुझी नोकरी नवी आहे.

मी येण्याआधी एक काम कर. कविताला एकटीला बोलाव आणि सांग, जानीबाय विचारत होती, तू तिथे अजून का उभी राहत नाहीस.

दादा