लेकींसकट वंशावळ

बाळकुम, ठाणे
९ जुलै २०२३

ती. राघोदादा यांस,
धाकट्या मालूचा सा. न. वि. वि.

फोन न करता पत्र आलं म्हणून घाबरू नकोस. तिसऱ्या किमोनंतर तोंड आतून इतकं सोललंय की पाण्याचा घोटही झोंबतो, मग बोलणं तर दूरच. यज्ञेश म्हणतो, आई गप्प बसलेली या घरात पहिल्यांदाच बघतोय. हात मात्र शाबूत आहे, म्हणून लिहीत सुटले आहे.

केस गेले. आरशात बघितलं तर थेट आबा दिसले, मिशा तेवढ्या नाहीत. हे रोज सकाळी नाचणीची आंबील करतात. पहिल्या दिवशी मीठ विसरले, दुसऱ्या दिवशी आठवणीने दोनदा टाकलं. तरी मी संपवते, कारण बिचारे वाटी रिकामी होईपर्यंत समोर उभे असतात. वहिनीने पाठवलेल्या सुकटीचा वास अजून सोसवत नाही. ती झाकून ठेवली आहे, बरी झाले की खाईन.

आता कामाचं. डॉक्टरांनी माझं रक्त तपासायला पाठवलं होतं. त्यात निघालं की हा छातीचा आजार माझ्या अंगाला उगाच चिकटलेला नाही, घराण्यातून आलेला दोष आहे. तो आईबापाकडून मुलांत उतरतो, मुलगा असो की मुलगी, दोघांनाही सारखाच धोका. हॉस्पिटलातल्या बाईंनी तीन पिढ्यांची वंशावळ मागितली आहे, लेकींसकट. कोण कशाने गेलं तेही हवं आहे. रस्त्यात जमीन गेली तेव्हा तू वंशावळ केली होतीस, तिची झेरॉक्स पाठव. आबांना बहिणी किती होत्या हेसुद्धा मला धड माहीत नाही, लाज वाटते.

तुझ्या मुलांच्या दृष्टीने हे लवकर झालेलं बरं. दर्शनाबद्दल तर मला मुद्दाम बोलायचं आहे. पण ती ओली बाळंतीण, तिच्या कानावर आत्ता काही घालू नकोस. बाकीचं भेटशील तेव्हा सांगेन, कागदावर लिहायला जीव होत नाही.

वहिनीला नमस्कार, दर्शनाच्या छोट्या क्षिप्राला पापा. किमोने केस जातात, भावाची माया जात नाही, एवढं तू खरं करून दाखव.

तुझी,
मालू


जुने कोपर, डोंबिवली (प.)
२८ जुलै २०२३

चि. सौ. मालू हिस,
राघोदादाचे अ. आ. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. तुझी वहिनी ते वाचून देव्हाऱ्यापुढे बसली, ती स्वयंपाकाची वेळ टळली तरी उठेना. तोंडाला आतून गाईचं तूप लावत जा. चंदूरावांना म्हणावं, मीठ मोजून टाका, सासुरवाडीची अब्रू आहे. तू आबांसारखी दिसतेस म्हणून लिहिलंस. हट्ट तर त्यांचा तुझ्यात पहिल्यापासून होताच.

वंशावळीचं मात्र मला पटलं नाही. तुझं पत्र देवेशला दाखवलं. तो हसला आणि म्हणाला, बाबा, वंशावळ तलाठी मागतो, डॉक्टर कधीपासून मागायला लागले? मलाही तेच वाटलं. खाडीकडच्या शेतावर टॉवर येणार, बिल्डरची मोजणी नुकतीच झाली, आणि नेमकी आत्ताच तुला तीन पिढ्यांची वंशावळ हवी, तीही लेकींसकट. वर मुलांच्या दृष्टीने लवकर झालेलं बरं, असंही लिहितेस. वकिलाला एवढं वाचून दाखवलं. तो म्हणाला, यापुढे फोनवर काही बोलू नका, जे असेल ते लेखी. म्हणून मीही पत्रच लिहितो आहे, नाहीतर माझा आणि कागदाचा काय संबंध.

मालू, शेताच्या हक्कसोडीवर सही करताना आबांच्या फोटोपुढे तू म्हणाली होतीस की भावाचं दार उघडं राहिलं की मला सगळं मिळालं. आता मन बदललं असेल तर सरळ माग. आजाराच्या आडून मागू नकोस, ते आपल्या घराला शोभत नाही. आणि दोषाचं म्हणशील, तर आबा म्हातारे होऊन अंथरुणात गेले, मी बैलासारखा ठणठणीत आहे. बायकांचा आजार पुरुषाच्या अंगातून कसा येणार? दर्शनाला यातलं अक्षर कळवू नकोस. पोरगी घाबरेल, अंगावरचं दूध आटेल.

जड लिहिलं असेल तर मोठा म्हणून सोडून दे. राखीला ये, दार अजून उघडंच आहे.

तुझा,
दादा


बाळकुम, ठाणे
६ ऑगस्ट २०२३

ती. दादास,
सा. न.

तुझं पत्र ह्यांनी वाचलं आणि परत घडी घालून माझ्या उशाशी ठेवून दिलं.  मी रडले की नाही ते मलाच कळलं नाही, कारण पापण्या गेल्यापासून डोळ्यांतून पाणी तसंही गळतच असतं.

मला जमीन नको. वंशावळही नको. आठवतील तेवढी नावं मी त्या बाईंना सांगेन, बाकीच्या जागा कोऱ्या राहतील. राखी यज्ञेशबरोबर पाठवते आहे. मी येणार नाही, अंगात ताकद नाही असं वहिनीला सांग.

दर्शनाला एकदा चांगल्या डॉक्टरकडे ने, तिचंही रक्त तपासून घे, हे सांगायचं होतं. आता तिचं नाव काढलं तरी तुला वाटेल, पोरीच्या आडून मागते आहे. कळवू नकोस म्हणालास, नाही कळवत. पोरगी तुझी आहे. माझ्याकडून विषय संपला.

सुखी राहा.

मालू


कल्याण (पू.)
२१ एप्रिल २०२४

ती. सौ. मालूआत्या हिस,
दर्शनाचा सा. न. वि. वि.

दोनदा फोन लावला आणि तू उचलायच्या आत कट केला. बोलायला गेले की रडू येतं आणि सांगायचं राहूनच जातं, म्हणून लिहिते आहे. क्षिप्रा आता रांगते. हर्षितच्या चपला तोंडात घालते, आणि बापाने ओढून घेतल्या तर अशी बघते की तोच चोर.

जानेवारीत दूध पाजताना डाव्या बाजूला गाठ लागली. सासूबाई म्हणाल्या, दुधाची गाठ आहे, शेक. आईही फोनवर तेच म्हणाली. मी शेकत राहिले, पाजत राहिले. मार्चमध्येही ती जाईना तेव्हा डॉक्टरकडे गेले. घरात कुणाला कॅन्सर झालाय का, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, आईकडे कुणाला नाही. बाबांच्या बहिणीला झालाय, पण ती लग्न होऊन ठाण्याला गेलेली, ती आता वेगळ्या घरची. आत्या, मी बीएस्सी झालेली मुलगी, आणि हे मी डॉक्टरला सांगितलं. घरी जे ऐकत आले तेच तोंडातून निघालं. त्यांनी पेन खाली ठेवलं.

दुसरी स्टेज आहे, काखेपर्यंत गेलाय. किमो सुरू झाली. त्याआधी दूध बंद करायच्या गोळ्या दिल्या. क्षिप्रा अजून गाऊन ओढते, मी तिला सासूबाईंकडे देते आणि आतल्या खोलीत जाऊन बसते. हे मला सगळ्यात जास्त दुखतं, सुईपेक्षा.

परवा देवेश आला आणि त्याने गेल्या वर्षीचं सगळं सांगितलं. सांगताना माझ्याकडे बघत नव्हता. जमिनीचं तुमचं काय ते मला कळत नाही, कळून घ्यायचंही नाही. बाबांवर राग आहे, तो आहेच. पण आत्या, तू बाबांचं आयुष्यात कधी ऐकलं नाहीस. कळवू नकोस म्हणाले, ते तेवढं एकच कसं ऐकलंस? माझं नाव तू ठेवलंस. माझ्याशी बोलायला तुला कुणाची परवानगी लागत होती?

तुझा रक्ताचा रिपोर्ट डॉक्टरांना हवा आहे. पाठवू नकोस, घेऊन ये. मी रागावलेली आहे, तरी ये. तोंड सोललं की काय गिळता येतं ते इथे कुणाला माहीत नाही.

तुझीच,
दर्शना


बाळकुम, ठाणे
२५ एप्रिल २०२४

चि. सौ. दर्शना हिस,
आत्याचे अ. आ.

परवानगी कुणाचीच लागत नव्हती. दादाने मला लालची ठरवलं, ते मला इतकं लागलं की तुझ्यापेक्षा माझा मान मोठा झाला. रोज वाटायचं, आज फोन करू. मग वाटायचं, त्याने आधी माफी मागू दे. या दोन वाटण्यांत आठ महिने गेले पोरी, आणि ते तुझे होते.

रविवारी रिपोर्ट घेऊन येते. आंबील गार करून पी, वर ताक घाल, मीठ अगदी चिमूटभर. तिखट आणि गरम घरातल्यांना खाऊ दे. माझे केस आता बोटभर आलेत, तुला हात लावून बघायला देईन. पुढे काय काय होतं ते मी आधी बघून आले आहे, तेवढं तरी तुझ्या उपयोगी पडू दे.

दार उघडलंस तर आत येईन, नाही उघडलंस तर जिन्यात बसेन.

तुझी,
आत्या


जुने कोपर, डोंबिवली (प.)
१६ जून २०२४

चि. सौ. मालू हिस,
अ. आ. लिहायला हात धजत नाही, तरी ते आहेतच.

तू दर्शनाकडे असतेस तेव्हा मी खाली रिक्षात बसून असतो, हे तुला हर्षितने सांगितलं असेल. वर आलो की पोरगी भिंतीकडे तोंड करते. तिचं बरोबर आहे. तुला फोन करायचा तर तो कुठल्या तोंडाने करू, म्हणून पुन्हा कागद घेतला. या वेळी वकिलाला विचारलेलं नाही.

दर्शनाच्या हॉस्पिटलातही डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे वंशावळच मागितली.  घरी येऊन कपाटातली काढली. तिच्यात पणजोबा, आजोबा, आबा, काका, मी, देवेश. एक बाईमाणूस नाही. मग खडवलीला तुळसाआतेकडे गेलो. आबांची चुलतबहीण, डोळे गेलेत पण डोकं जागेवर आहे. तिच्या पायाशी बसून नावं लिहून घेतली. आबांना तीन बहिणी होत्या मालू. बायजा, सोना आणि हिरू. बायजाला छातीला गळू झालं, पाल्याचा लेप लावत राहिले आणि ती गेली. सोना तान्हं पोर टाकून गेली, लोक म्हणाले नजर लागली. हिरू तेवढी जगली. सगळं सांगून झाल्यावर तुळसाआते म्हणाली, एवढ्या वर्षांत या पोरींना विचारत आलेला तू पहिलाच.

तुझा आणि दर्शनाचा दोष एकच निघाला, म्हणजे तो माझ्यातूनच गेला. बाई म्हणाल्या, तुम्हाला वेगळं तपासायची गरज नाही. तरी मी रक्त दिलं, मला ते कागदावर बघायचं होतं. आबांना काही झालं नाही, मला काही झालं नाही, आमच्या हातून ते फक्त पुढे गेलं. देवेशनेही रक्त दिलंय, त्याचं यायचं आहे.

तुला अजून एक सांगायचं राहिलं. बिल्डरसाठी गेल्या वर्षी नवी वंशावळ केली, तिच्यात मी दर्शनाचंही नाव घातलं नव्हतं. देवेश म्हणाला होता, लग्न झालेल्या मुलीची सही आणत कुठे फिरायचं. मी म्हटलं, खरंय. ती वंशावळ आता बदलतोय, तुझंही नाव घालतोय. नको म्हणू नकोस, हे तुला द्यायचं म्हणून नाही, खरं लिहायचं म्हणून.

परवा हॉस्पिटलात बाईंनी कोरा कागद पुढे केला. पुरुषाला चौकोन, बाईला गोल. माझ्या चौकोनाखाली दर्शनाचं नाव मी आयुष्यात पहिल्यांदा लिहिलं. आजारी माणसाचा गोल काळा भरायचा असतो, पेन माझ्याच हातात होतं, मीच भरला. त्याच्याखाली क्षिप्राचा गोल काढला, तो कोराच ठेवायचा होता. बाई म्हणाल्या, हिचं आत्ता काही करायचं नाही, मोठी झाली की हिला सांगा आणि तपासा.

तेव्हा आपण दोघं असू, नसू. म्हणून यज्ञेशला आत्ताच सगळं सांगून ठेव, देवेशला मी सांगतो. क्षिप्राला वेळेवर सांगायचं. मला विचारायचं नाही.

तुझा,
राघो