एकोणचाळिसावी ओळ

४ सप्टेंबर

घटनाक्रम. एक — परवा सकाळी साडेदहा वाजता स्टुलावर चढून मी माळ्यावरची लोकरीची पेटी ओढली. दोन — स्टुलाचा एक पाय आखूड आहे, हे मला सात वर्षांपासून ठाऊक होते. तीन — पेटी खाली आली, पाठोपाठ मीही. चार — उजवे मनगट, दोन्ही हाडे. पाच — बोटांच्या मुळापासून कोपरापर्यंत प्लास्टर, सहा आठवडे. सहा — हे मी डाव्या हाताने लिहीत आहे आणि इतक्याला पाऊण तास लागला आहे.

अक्षर म्हणजे कोंबडीने शाईत पाय बुडवून पानावरून फेरफटका मारावा तसे!

७ सप्टेंबर

डॉक्टर मला "आजी" म्हणतात. मी त्यांची आजी नाही. एकतीस वर्षे महाविद्यालयात तर्कशास्त्र शिकवले. तिथे कुणाची अशी छाती झाली नव्हती. विणकाम केव्हा सुरू करता येईल, हे स्पष्ट विचारले. "वेळच घालवायचाय ना, आजी? टीव्ही बघा की मस्त!"

वेळ घालवायचा नाही. वेळ पुरत नाही, ही अडचण आहे. धाकटी बहीण चौदा डिसेंबरला साठ वर्षांची होते. तिच्यासाठी क्रोशाची शाल विणायला घेतली आहे — एकशे बारा ओळी. अडतीस झाल्या. हातात अठ्ठ्याण्णव दिवस आणि एकच हात.

दर वाढदिवसाला मी तिला काहीतरी विणून पाठवते. स्वेटर, मफलर, मोजे. फोनवर "छान आहे गं ताई" म्हणते आणि कपाटात ठेवते. एकदाही अंगावर पाहिलेले नाही. रंगाची जाण नाही तिला, असेच मी समजत आले. ही शाल मात्र ती अंगावर घेईल. तसे मी ठरवले आहे.

१२ सप्टेंबर

ब्लाउजचे हूक. त्याविषयी लिहिण्याची इच्छा नाही.

१५ सप्टेंबर

धाकटी आली. न बोलावता. पिशवी खाली ठेवायच्या आत कामाला लागली. "ताई, अगं किती तो आटापिटा! दे इकडे." बरणीचे झाकण तिने एका झटक्यात उघडले. डाव्या हाताने. जेवते आणि लिहिते उजव्याने. बाकी सगळे अजून डाव्याने चालते. मी पाहिले.

ओट्यावर मी लिहिलेली सामानाची यादी पडली होती. ती उचलून उजेडात धरली.

"हे तू लिहिलंस? तू? अगं, माझी दुसरीतली वही बरी होती की!"

पाच मिनिटे हसत होती, डोळे पुसेपर्यंत. मला हसू आले नाही. यादीची घडी घालून तिने पर्समध्ये ठेवली. "असू दे माझ्याकडे. पुरावा!"

१८ सप्टेंबर

शालीचा झालेला भाग तिच्या खांद्यावर टाकून पाहिला. रंग खुलतो तिला — राखाडी, त्यात निळ्याची झाक. आरशात बघितलेसुद्धा नाही तिने. "सुरेख आहे. पण लोकर मला टोचते गं. माहितीये ना तुला?"

टोचते म्हणे! बाजारातली सर्वांत मऊ लोकर आहे ती. शिवाय शाल होती खांद्यावर आणि बाई चोळत होत्या मनगट.

२३ सप्टेंबर

गेली आज. निघताना म्हटले, तू सुई धरलीस तर राहिलेल्या ओळी मी बसल्या जागी सांगेन, लहान मूलही करील.

"माझ्यात हात नाही, ताई. तुझाच निकाल आहे तो." चपला घालता घालता, अगदी सहज म्हणाली. मग रिक्षातून हात हलवला.

२९ सप्टेंबर

प्रथम सुयांचे विणकाम. सुताराचा शिकंजा आणवून मेजाच्या कडेला आवळला, उजवी सुई त्यात घट्ट बसवली. ती हलणार नाही. हलायचे ते डावीने. नमुन्याचे वीस टाके, चाळीस मिनिटे. एक टाका गळफास, पुढचा पोत्याचे तोंड. तत्त्व बरोबर आहे, हात चूक आहे. उसवले.

६ ऑक्टोबर

क्रोशा अधिक शक्य आहे, कारण सुई एकच. ती डाव्या हातात. प्लास्टरमधून डोकावणाऱ्या उजव्या बोटांनी वीण नुसती चिमटीत धरायची. धागा बोटावर ताणून धरणे जमत नाही, म्हणून तो मानेभोवती फिरवून घेतला आहे. मान जरा मागे नेली की ताण येतो. दिसते कसे, ते कोणी पाहायला नाही.

बोटे नव्हे, डोके अडते. क्रोशाच्या पुस्तकातले प्रत्येक चित्र उजव्या हाताचे. ते मनात उलटे करायचे आणि मग करायचे. एका खांबासाठी, म्हणजे एका उभ्या टाक्यासाठी, तीनदा सुईवर धागा चुकीच्या बाजूने गेला. एकोणचाळिसावी ओळ आज चार वेळा घातली, चार वेळा उसवली. पाचव्यांदा सुई भिंतीवर फेकली. वय वर्षे पासष्ट!

१४ ऑक्टोबर

प्लास्टर निघाले. आतून निघालेला हात माझा नाही. काटकुळा, सालपटे सुटलेला, पेन्सिल पेलण्याइतकाही जोर नाही. डॉक्टर म्हणाले, "पूर्वीसारखा होईलच असं नाही सांगत, आजी." या खेपेला आजी म्हटल्याचा राग आला नाही.

घरी आल्यावर शाल पिशवीत घालून कपाटात ठेवली.

१५ ऑक्टोबर

परत काढली.

२१ ऑक्टोबर

व्यायाम शिकवणाऱ्या बाई माझ्याहून आडदांड आणि माझ्याइतक्याच कडक आहेत. "मॅडम, कॉलेजात तुम्ही. इथं मी." क्रोशाची सुई पाहून त्यांनी कपाळाला हात लावला. "ही काडी धरणार या बोटांनी?" दुसऱ्या दिवशी सायकलच्या हँडलची रबरी मूठ घेऊन आल्या, सुईचे बूड तिच्यात खुपसले, वर पट्टी गुंडाळली. कुरूप वस्तू आहे. उजव्या हाताने धरता येते!

अटी: आधी कोमट पाण्यात हात. कोपराखाली उशी. दहा मिनिटे, घड्याळ लावून. "वाजलं की थांबायचं. अर्धा टाका राहिला तर अर्धाच राहू द्या." अर्धा टाका तसाच सोडून उठणे — हे मला आयुष्यात कुणी करायला लावले नव्हते.

उजव्या हाताने दहा मिनिटांत तीन टाके. उरलेला दिवस डाव्या हाताचा. त्याने पन्नासावी ओळ गाठली आहे.

२६ ऑक्टोबर

शाल पसरून पाहिली. एकोणचाळिसाव्या ओळीपासून खांब उलट्या बाजूला झुकतात. चूक नव्हे, डाव्या हाताची वीण तशीच येते. पण आडवी रेघ लांबूनही दिसते. अलीकडे एक बाई, पलीकडे दुसरी.

उसवावे लागणार.

३० ऑक्टोबर

आज बाईंनी मेजावर आरसा उभा केला. उजवा हात आरशाच्या मागे, नजरेआड. डावा पुढे. "डाव्या हातानं विणा. बघायचं मात्र आरशात. डोक्याला वाटू द्या की उजवाच चाललाय. दुखणं कमी होतं, बोटं सुटतात." मला हे थोतांड वाटले आणि मी तसे म्हटले. "वाटू द्या," म्हणाल्या.

वीण शिकंज्यात अडकवून विणू लागले. आरशात माझा उजवा हात होता. जुना, भरलेला, ऑगस्टमधला! धागा उचलत होता, खांब उभे करत होता, एकाही टाक्याला अडखळत नव्हता. किती वेळ पाहत राहिले, कळले नाही. घड्याळ वाजले तेही बाईंनीच बंद केले.

मग विचार आला. तो रांगेत आला. विचार मला नेहमी रांगेतच येतात. समोरचा उजवा हात पाहणाऱ्याला डाव्यासारखा दिसतो. डाव्या हाताचे मूल उजव्या हाताच्या माणसासमोर बसले, तर त्याला काहीही उलटे करावे लागत नाही. दिसेल तसे करायचे. आरशासारखे.

मी धाकटीला शेजारी बसवत होते.

"मॅडम, दुखलं का?" बाईंनी विचारले. हो म्हटले.

१ नोव्हेंबर

घटनाक्रम. एक — शाळेत हस्तकलेची परीक्षा. धाकटी नऊ वर्षांची, मी चौदा. आई मला म्हणाली, "तुझा हात चांगला आहे, तिचा वळव." दोन — सुट्टीतली दुपार, खिडकीपाशी दोन खुर्च्या शेजारी शेजारी. सुई डाव्या हातात जाऊ नये म्हणून मी हिरव्या लोकरीची तिपेडी वेणी घातली आणि तिचे डावे मनगट, बोटांनी धागा धरता येईल एवढीच ढील ठेवून, खुर्चीच्या पाठीला बांधले. रोज. गाठ मागच्या बाजूला. तीन — मैत्रिणीने हाक मारली म्हणून मी खाली गेले. चार —

चार लिहिता येत नाही.

२ नोव्हेंबर

चार. मी परत आले तेव्हा दिवे लागले होते. आई कचेरीतून यायची होती. धाकटी तशीच बसली होती. खुर्चीखाली फरशी ओली होती. गाठ सोडवता आली असती तिला कदाचित. सोडवली नव्हती, कारण मी सांगितले नव्हते. सुई अजून उजव्या हातात.

"ताई, अकरा साखळ्या झाल्या."

मी त्या पाहिल्या. म्हणाले, "सैल आहेत. उसव."

फरशी मी पुसली. फ्रॉक तिने बदलला. मनगटावर वेणीचे वळ उठले होते. आठवडाभर लांब बाह्यांचे घालत होती. आईला तिने सांगितले नाही. मीही नाही. हात नाही तिच्यात, एवढेच सांगितले, आणि घरात ते पन्नास वर्षे खरे मानले गेले. लिहायलाही मग शाळेने लावले. उजव्या हाताने.

लोकर टोचते तिला.

५ नोव्हेंबर

काही नाही. पाऊण तास बसून एक ओळही नाही.

९ नोव्हेंबर

उसवणार नाही. अडतीस या हाताच्या, बाकीच्या त्या हाताच्या, रेघ राहील. शाल मीच पांघरणार आहे.

१३ नोव्हेंबर

फोन आला तिचा. "ताई, हात काय म्हणतो?" सांगितले, मूठ वळते. "शालीचं टेन्शन घेऊ नकोस गं. नाही झाली तर नाही झाली." सांगायचे म्हणून तोंड उघडले. "जेवलीस का?" एवढेच निघाले. एकतीस वर्षे वर्गासमोर बोलले मी!

कागदावर बरे.

१६ नोव्हेंबर

आज टपालात टाकलेल्या चिठ्ठीची नक्कल. मूळ प्रत डाव्या हाताने लिहिली. उजवा आता लिहू शकतो, तरीही.

"प्रिय धाकटे, यंदा शाल पाठवत नाही. लोकरीचे काहीही यापुढे पाठवणार नाही. सोबत सुती दोऱ्याचा एक गुंडा आणि एक सुई आहे. हिरव्या वेणीची ती संध्याकाळ मी विसरलेले नाही. तू नऊ वर्षांची होतीस आणि त्या अकरा साखळ्या सैल नव्हत्या. मी त्या नीट पाहिल्याच नाहीत. मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. हे सगळे लक्षात असूनही तू इतकी वर्षे माझ्याशी कशी बोललीस? आणि चौदा तारखेला मी तुझ्याकडे आले, तर माझ्या समोर बसशील का? शेजारी नव्हे, समोर. उत्तर लेखी हवे. फोनवर तू बरं बरं म्हणून विषय बदलशील. कोणत्या हाताने लिहायचे, ते तू ठरव."