खुशालीचा वारस

२ मार्च, सोमवार, सकाळी ९
स्टेपलरने दगा दिला. अकरा वर्षं ज्याला टेबलावर उजव्या हाताला मानाची जागा दिली, त्या यंत्राने ऐन प्रसंगी सतरा पानांवर मान टाकावी, ही कृतघ्नतेची परिसीमा. ‘वारस संस्थेच्या निवडीचे निकष’ हा माझा मसुदा बावीस पानी आहे.

पार्श्वभूमी, माझ्याच माहितीसाठी: शहरात एकटी राहणारी एक्केचाळीस वृद्ध माणसं रोज सकाळी आठच्या आत मला मिस कॉल देतात. मी वहीत खूण करतो. ज्याचा आला नाही, त्याच्या दारावर आमच्या निवृत्त नर्सबाई जातात. या कामाचं नाव ‘खुशाली’. डॉक्टर म्हणाले, दगदग कमी करा. मुलगी फोनवर म्हणाली, बाबा, आता घाला कुणाच्या तरी गळ्यात. संकल्प: एकतीस मार्चला योग्य संस्थेच्या हाती सोपवून मोकळं व्हायचं. मी पूर्ण निर्लेप आहे.

४ मार्च
संस्थांना मसुद्याची पत्रं गेली नाहीत. कारण: स्टेपलर. नर्सबाई म्हणाल्या, मेल करा की. त्यांना कागदाचं गांभीर्य समजावलं. त्यावर, साहेब, तुम्ही संस्था शोधताय का जावई, असं म्हणून जिना उतरल्या. निवृत्त माणसांना थट्टेला वेळ असतो.

९ मार्च
दोन स्थळं आली. पहिल्यांनी आमच्या मंडळींना ‘लाभार्थी’ म्हटलं. बाद. दुसऱ्यांनी विचारलं, तुमचा फोन बंद पडला तर काय करता? अकरा वर्षांत हा प्रश्न कुणी केला नव्हता. उद्धटपणा. बाद.

१३ मार्च
तिसरी संस्था. संचालिका तिशीतली, पायात कॅनव्हासचे बूट. बावीसच्या बावीस पानं वाचून आली होती. संशयास्पद. म्हणाली, आम्ही तीन फोन ठेवू, तिघी पाळीपाळीने बसू. मग विचारलं, आठ वाजून गेल्यावर दारावर किती वेळात पोचता? मी म्हणालो, तत्काळ. नर्सबाईंना खोकला आला.

माझ्या कार्यक्षमतेचा एक नमुना तिला दाखवला: गणिताच्या निवृत्त बाई. सात-दहा म्हणजे सात-दहा, एकदाही चुकलेल्या नाहीत. म्हणून त्यांची खूण मी आदल्या संध्याकाळीच करून ठेवतो. ती वहीकडे बघत राहिली. भारावली असावी.

शेवटी ‘ओके’ म्हणाली. प्रत्येक गोष्टीला ओके म्हणणाऱ्या व्यक्तीच्या हाती माणसं कशी द्यावी? यथावकाश कळवतो म्हणालो. तेविसावं पान जोडलं.

१९ मार्च
तिचा पुन्हा फोन. मंडळींना आधी घरी जाऊन भेटू का? भेट म्हणालो. भेटून काय होतंय.

२४ मार्च, मंगळवार, दुपारी ३
सकाळी नवव्या निकषावर हात फिरवत होतो: ‘तत्परता’. मिस कॉलनी लय तुटते म्हणून फोन सायलेंटवर. आठ वाजता यादी पाहून चाळीस खुणा केल्या. एक होतीच.

अकरा वाजता कॅनव्हासवाली ओळख करून घ्यायला गणिताच्या बाईंकडे गेली. दार उघडेना. शेजारणीकडच्या किल्लीने उघडलं. बाई न्हाणीघरात पडलेल्या, सहापासून. खुब्याचं हाड मोडलंय.

२५ मार्च
काटेकोरपणे पाहता दोष पद्धतीचा नाही, अपवादाचा आहे. हे वाक्य दोनदा लिहून खोडलं.

दवाखान्यात गेलो. बाई म्हणाल्या, आठ वाजेपर्यंत निर्धास्त होते, म्हटलं आता येतील कुणीतरी. मग पाढे म्हणत बसले. तीसचा झाला की पुन्हा दोनपासून. रागावल्या नाहीत. फक्त विचारलं, वहीत माझ्यापुढे काय मांडलंत हो?
मी म्हणालो, खोलीत उजेड छान आहे.

३१ मार्च
सही केली. तिचा करार एक पानी. स्टेपलर लागला नाही. ती ओके म्हणाली. मी हरकत घेतली नाही.

१ एप्रिल, बुधवार, सकाळी ८.२०
फोन एकदाही वाजला नाही. चार्जिंग आहे. रेंज आहे. आवाजही मोठा ठेवलाय.

आत्ता वाजला. नर्सबाई, नव्या कचेरीतून. एक्केचाळीस जणांचे कॉल आले. गणिताच्या बाईंचा दवाखान्यातून, सात-दहाला. मी म्हणालो, उत्तम, मग फोन कशाला केलात? तर म्हणाल्या, तुमचा नाही आला ना. बेचाळिसावं नाव तुमचं घातलंय, काल सांगितलं तेव्हा तुमचं लक्ष कुठे होतं? ती पोरगी बूट घालून निघालीसुद्धा.

खरं तर लक्ष होतं. सातपासून फोन हातात धरून बसलो होतो. करवला नाही.

वारस नालायक निघेल, ही भीती मला कधीच नव्हती. मुलीची आई गेली त्याच वर्षी मी ‘खुशाली’ सुरू केली. एक्केचाळीस मिस कॉलची दखल मी घेतली नाही तर कुणीतरी चौकशीला येईलच, असा माझा हिशेब होता. मी या घरात एकटा असतो. पडलो तर कुणाला कधी कळेल, याची मला फार भीती वाटते.