शेजारची चटई

चौल,
१२ मे २०२५

चि. जयमाला हिस,
दादाचा सप्रेम जयभीम. तू फोन उचलत नाहीस, म्हणून हा कागद.

धम्म शिबिर पार पडलं. भन्तेजी सगळ्या मुलांशी एकेकट्याने बोलले, आईबाप अंगणात थांबले. तू मात्र चटई ओढून तुझ्या सिद्धेशशेजारी ठाण मांडलंस. भन्तेजींनी दोनदा विनवलं तरी हलली नाहीस. विहार समितीचा सचिव मी, आणि माझीच बहीण अशी वागते म्हणून लोक तोंडावर हसतात. अगं, भन्तेजी पोरांना खातात का? आईबापांसमोर मूल मोकळं होत नाही, एवढंच त्यांचं म्हणणं. माफीच्या दोन ओळी लिहून पाठव, सभेत मी वाचून दाखवतो.

यंदा आंबा बरा आहे, तुझी पेटी बाजूला ठेवली आहे. भाऊजींना ट्रेलर जपून चालवायला सांग.

थोरल्याचं बोलणं मनावर घे, मनात मात्र ठेवू नकोस.
तुझा,
रत्नपालदादा

---

उरण,
१७ मे २०२५

ति. दादास,
जयमालाचा सविनय जयभीम. वि. वि. माफी लिहिणार नाही.

भन्तेजी पोरांना खात नाहीत, हे मलाही ठाऊक आहे. ते विचारतात. गेल्या वर्षी तुझ्या मानसीला एकटीला आत घेऊन, घरात देव आहेत का म्हणून विचारलं. नऊ वर्षांची पोर, सकाळीच खोटं न बोलण्याचं शील घेतलेली. तिने सांगून टाकलं, आजीच्या तांदळाच्या डब्यात देवीचा चांदीचा टाक आहे. संध्याकाळी भर सभेत आपल्या आईचं नाव निघालं. आणि सचिवसाहेब, तो टाक तुम्ही तिच्या देखत खाडीत फेकलात.

देव मीही मानत नाही, दादा. पण तो टाक तिला तिच्या आईने दिला होता. माहेरचं तेवढंच तिच्याकडे उरलं होतं.  त्या दिवसापासून आईने मानसीची वेणी घालायची सोडली, आणि पावसाळा सरायच्या आत गेली.

मी शेजारी बसले, तर भन्तेजींनी सिद्धेशला नाव आणि इयत्ता विचारून सोडून दिलं. मग मोकळं करायचं होतं ते काय?

आंबे मानसीला दे. माया आटलेली नाही, पण सध्या मागू नकोस.
जयमाला

---

चौल,
२३ मे २०२५

चि. जयमाला,
जयभीम. तुझं पत्र वाचून डोकं फिरलं. तुझ्या वहिनीला ते तावातावाने वाचून दाखवत होतो. मानसी दारात उभी आहे हे दिसलंच नाही. तिने सगळं ऐकलं.

रडली नाही. आजी गेल्यापासून ही पोर केस वाढू देत नाही. ते का, हे मला आज कळलं. जवळ येऊन एवढंच म्हणाली, “पप्पा, माझ्या वेळेला तुम्ही का न्हाय बसलात आत?”

मी तेव्हा दाराबाहेर मुलांच्या चपला रांगेत लावत होतो. 

माफीचं राहू दे. येशील तेव्हा तिच्याशेजारी जरा बस. माझ्याजवळ ती बसत नाही.

लोभ मागायला तोंड नाही.
रत्नपाल